गाणी आली, नावे राहिली

नरखेड तालुक्यातल्या एका गावी ‘ड’ वर्गाचे एक वाचनालय आहे. दोन खोल्या, चार कपाटे, वर्तमानपत्रांचे एक लांब टेबल, आणि कोपऱ्यात धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीने झाकलेला एक संगणक. संत्र्यांचा बहार विकून झाला की गावातले लोक इथे पेपर वाचायला येतात. संगणकाकडे कोणी फिरकत नाही. मी मात्र गेली काही वर्षे त्याच्यासाठीच जातो, कारण त्याच्या पोटात माझ्या विद्यार्थ्यांनी जमवलेले आवाज आहेत.

तालुक्यात मराठी शिकवत असताना, नव्वदच्या दशकात, मी मुलांना सुट्टीत टेपरेकॉर्डर देऊन आपापल्या गावी धाडत असे. त्यांनी आणलेल्या कॅसेटींत जात्यावरच्या ओव्या होत्या, भुलाबाईची गाणी होती, खडी गंमतीतली सवाल-जवाबांची काही तुकड्यातुकड्यांची रेकॉर्डिंगे होती. शिवाय, मी न सांगताही मुलांनी आणलेली एक गोष्ट होती. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड हे याच तालुक्यातले गाव उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली. पुढची काही वर्षे त्या भागातल्या कुठल्याही म्हातारीपुढे टेपरेकॉर्डर ठेवला की ओवी संपता संपता पूर सुरू होई. तेही मुलांनी ध्वनिमुद्रित करून आणले. या सगळ्या कॅसेटी 2007च्या सुमारास संगणकावर उतरवल्या गेल्या. एकूण 214 फाईली झाल्या.

त्या वेळचे ग्रंथपाल आता हयात नाहीत. फार काटेकोर गृहस्थ होते. कॅटलॉग करण्यासाठी त्यांच्याकडे ना सॉफ्टवेअर होते, ना त्याचे शिक्षण. म्हणून त्यांनी जे केले ते मला आजही फार शहाणपणाचे वाटते. त्यांनी सगळी नोंद फाईलच्या नावातच लिहिली. गाण्याचे पहिले चार शब्द, गाणारीचे नाव, तिचे माहेर, तिचे सासर, कोणी ध्वनिमुद्रण केले, कोणत्या तिथीला केले, हे सारे त्या एका ओळीत. माहेर आणि सासर दोन्ही लिहावे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. पण गाणे माहेरून येते आणि सासरी टिकते, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस अशीच नोंद करणार.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा सर्वसाधारण आधार संपला. वाचनालयाचा संगणक जुना. विंडोज 11 त्याच्यावर चढत नाही, कारण त्या प्रणालीला ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक वेगळी चीप लागते. नवा संगणक घेण्याएवढे वाचनालयाचे अनुदान नाही. तेव्हा जुन्याच यंत्रावर लिनक्स टाकावे असे मीच सुचवले. सुचवताना मी थोडा मिरवलोही असेन. केरळने आपल्या सरकारी शाळा दोन दशकांपूर्वीच मुक्त प्रणालीवर नेल्या, आपण एक वाचनालय नेऊ शकत नाही का, असे काहीसे बोललो. कामाला मात्र मी बसलो नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुरुस्तीच्या दुकानात यंत्र पाठवून दिले.

चार दिवसांनी ते परत आले. दुकानातला पोरगा हुशार आणि सरळ होता. म्हणाला, “सर, गाणे सारे आले. काही काहीचे नावंच एवढे मोठे होते का ते घेतच नव्हतं, म्हून त्याइले नंबर टाकून देल्ले.” जुन्या डिस्कवरच त्याने नावे बदलली, मग फाईली उचलल्या, मग ती डिस्क पुसून नव्या प्रणालीसाठी वापरली. 61 फाईलींची नावे आता ‘001’पासून ‘061’पर्यंत होती. प्रत्येक फाईल वाजत होती. आवाजात कुठेही खरखर वाढली नव्हती. त्याच्या दृष्टीने काम चोख झाले होते, आणि मी त्याला ठरलेले पैसे दिले.

हे का झाले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात कोणाचाही दुष्टावा नाही. विंडोजच्या सध्याच्या डिस्क-रचनेत फाईलच्या नावाला 255 चिन्हांची मर्यादा असते आणि तिथे रोमन ‘ए’ आणि देवनागरी ‘अ’ यांचे वजन सारखे धरले जाते. लिनक्सच्या प्रचलित रचनेतही मर्यादा 255चीच आहे, पण ती चिन्हांची नसून बाइटांची आहे. तिथे नावे लिहिली जातात यूटीएफ-8 या पद्धतीने. 1992 साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर, ताटाखालच्या कागदावर तिचा आराखडा केला, अशी कथा खुद्द पाइक यांनीच सांगितलेली आहे. पद्धत विलक्षण सुबक आहे. तिच्यामुळेच आज जगातल्या बहुतेक लिप्या एका पानावर नांदतात. पण तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना वेगळा, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या हिशेबी तो अकरा चिन्हांचा आणि तेहेतीस बाइटांचा आहे. इंग्रजीत 255 चिन्हांचे नाव ठेवता येते. मराठीत 85 चिन्हे झाली की दार बंद. आमच्या ग्रंथपालांची एक ओळ त्या दारातून जाणे शक्यच नव्हते.

मुक्त प्रणालीचा पुरस्कार मी आजही करतो. पण ‘मुक्त’ म्हणजे ‘निःपक्षपाती’ असा जो एक भाबडा अर्थ आपण काढतो तो मी त्या दिवशी सोडून दिला. कोणतीही प्रणाली कोणत्या ना कोणत्या लिपीच्या अंगणात जन्मते. तिच्या उंबऱ्याची उंची त्या अंगणातल्या माणसांच्या मापाची असते.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. एखादा संग्रह एका कार्यप्रणालीवरून दुसरीवर नेणे याला आपण तांत्रिक काम समजतो. ‘डेटा ट्रान्सफर’ म्हणून बिलात लिहितो आणि संगणकवाल्याकडे सोपवतो. माझे म्हणणे असे की हे संपादनाचे काम आहे, आणि त्यातही जुन्या अर्थाने पाठचिकित्सेचे. नक्कल करणारा जेव्हा एका पोथीवरून दुसरी पोथी लिहितो, तेव्हा काय गळते, काय बदलते, काय चुकून ‘सुधारले’ जाते, याचा विचार करण्याची आपली एक शिस्त आहे. मराठीचा विद्यार्थी एम.ए.ला ती शिकतो, परीक्षेत तिच्यावर टिपा लिहितो. आणि प्रत्यक्षात डोळ्यांदेखत एक पाठ बदलत असताना, तो घरी बसून दुकानदाराच्या फोनची वाट पाहतो. मी पाहिली.

नरखेडहून वर्धा नदी ओलांडून मोर्शी तालुक्यात गेले की रिद्धपूर लागते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते याच भूमीत. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आहे. महानुभाव परंपरा असे सांगते की परचक्राच्या धामधुमीत या ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाली आणि शिष्यांनी ती आपापल्या आठवणीतून पुन्हा उभी केली. त्यामुळे एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाचे संपादन केले ते अशा अनेक पोथ्या समोर ठेवून. मला या परंपरेत जे महत्त्वाचे वाटते ते असे की, तिने पाठभेद लपवले नाहीत. कोणता पाठ कोणाचा, हे पंथाने नावानिशी जपले. म्हणजे मूळ हरवले तरी ते कोणाच्या स्मरणातून परत आले याचा माग राहिला.

त्याच पंथाची दुसरी गोष्टही इथे आठवते. ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथी शाबूत, कागद शाबूत, शाई शाबूत. पण किल्ली महंतांजवळ. वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांसारख्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ती किल्ली गवसली, तेव्हा कुठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागले. कित्येक शतके मराठीचे आद्य गद्य मराठी वाचकांच्या शेजारी पडून होते आणि त्यांना ते वाचता येत नव्हते. पंथाने हे श्रद्धेपोटी आणि भीतीपोटी केले. त्याला कारण होते. आपण 1990 ते 2010 या काळात आपले जवळजवळ सगळे मराठी लेखन तशाच सांकेतिक लिपीत कोंडले, आणि आपल्याला तसे कारणही नव्हते.

ज्यांनी त्या काळात दिवाळी अंक, प्रबंध किंवा गौरवग्रंथ छापून घेतले आहेत त्यांना मी कशाबद्दल बोलतो आहे ते कळले असेल. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी. या फॉन्टांची गंमत अशी की त्यांत मराठी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या अंगावर मराठी अक्षरांची चित्रे पांघरलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर यंत्राच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतात. तो फॉन्ट आहे तोवर ‘मराठी’ दिसते. फॉन्ट गेला की उरतो तो निरर्थक रोमन गचाळा. आमच्या वाचनालयात ओव्यांच्या लिखित संहिता होत्या त्या अशाच फॉन्टात होत्या. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नव्हता, आणि सुमारे दोनशे पानांच्या ओव्यांचा एका क्षणात चिखल झालेला मी पाहिला.

हा चिखल निवळता येतो. अशा फॉन्टांतून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, आणि ती फुकट मिळतात. पण खरा प्रश्न तिथूनच पुढे सुरू होतो. या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. रफाराचे उलट. जोडाक्षरापाशी रूपांतरक अडखळतो आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. म्हणून रूपांतर झाल्यावर संहिता वाचून दुरुस्त कराव्या लागतात. हे काम मी एका उत्साही माजी विद्यार्थिनीकडे दिले. तिने प्रामाणिकपणे सगळ्या चुका काढल्या. वेलांट्या जागेवर आणल्या, रफार बसवले. आणि त्याच ओघात ‘माह्या’चे ‘माझ्या’ केले, ‘देल्लं’चे ‘दिलं’ केले, ‘व्हय’चे एके ठिकाणी ‘होय’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वय’ केले. तिला दोष कसा देणार? यंत्राने केलेली चूक आणि म्हातारीने उच्चारलेला शब्द कागदावर सारखेच अशुद्ध दिसतात. त्यांतला फरक ज्याच्या कानात ती बोली आहे त्यालाच कळतो. आणि ती बाई ओवी म्हणताना ‘माझ्या’ म्हणाली असती तर तिचा एक गण बिघडला असता, हे ज्याने ओवी ऐकली आहे त्याला.

राजवाड्यांच्या पिढीने मोडीतली कागदपत्रे बाळबोधीत आणली तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचा असाच पेच होता. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा केलेला नसतो. बाळबोधीत लिहिताना तो करावाच लागतो. म्हणजे प्रत्येक शब्दापाशी लिप्यंतरकार एक निर्णय घेत असतो, मग त्याला त्याची जाणीव असो की नसो.

याहून सूक्ष्म एक प्रकार सांगतो, कारण तो केवळ मराठीचा आहे. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला ‘ऱ्य’ घ्या. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही. मराठीचे त्याच्यावाचून चालत नाही. युनिकोडमध्ये तो लिहिण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेतात, काही ‘र’खाली नुक्ता देतात, तर काही ‘र’ आणि हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटू शकतात. भरीस भर म्हणजे मॅकची जुनी डिस्क-रचना फाईलच्या नावातला ‘ऱ’ स्वतःहून फोडून ‘र’ आणि नुक्ता असा करून ठेवत असे; विंडोज आणि लिनक्स तसे करत नाहीत. परिणाम असा की महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या 1883च्या ग्रंथाची फाईल तुमच्या संग्रहात आहे, तुम्ही अचूक नाव टंकून शोधता आणि यंत्र सांगते, असे काही इथे नाही. विद्यार्थी मान हलवतो आणि पुस्तक उपलब्ध नाही असे प्रबंधात लिहून मोकळा होतो. आमच्या संग्रहात ‘म्हाताऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’ हे शब्द असलेल्या एकवीस फाईली अशा शोधाला दाद देत नव्हत्या. त्या हरवल्या नव्हत्या, पण कोणी हाक मारली तर ओ देत नव्हत्या.

आणि क्रम. भुलाबाईची गाणी आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर म्हटली जातात. कोणते गाणे आधी, कोणते नंतर, खिरापत ओळखण्याच्या आधीचे शेवटचे गाणे कोणते, याला अर्थ असतो. ग्रंथपालांनी तो क्रम प्लेलिस्टमध्ये लावून ठेवला होता. प्लेलिस्ट म्हणजे दुसरे काही नसते. कोणती फाईल कोणत्या पत्त्यावर आहे त्याची यादी. पत्ते सगळे ‘डी ड्राइव्ह’चे होते. लिनक्समध्ये ‘डी ड्राइव्ह’ नावाची वस्तूच नाही. म्हणून नव्या यंत्रावर एकही प्लेलिस्ट वाजेना. दुकानातल्या मुलाने मला त्या निरुपयोगी फाईली काढून टाकू का, असे विचारले होते. सुदैवाने मी आळसाने ‘राहू दे’ म्हणालो.

हा आळस फळला. एका रात्री मी त्यातली एक प्लेलिस्ट साध्या मजकुरासारखी उघडून पाहिली. आत, मोडक्या पत्त्यांच्या शेवटी, ग्रंथपालांची ती लांबलचक नावे अक्षर न् अक्षर शाबूत होती. गाण्याचे पहिले शब्द, गाणारी, माहेर, सासर, तिथी. 61पैकी 38 नावे परत मिळाली, कारण ती 38 गाणी भुलाबाईच्या क्रमात गोवलेली होती. नावात गाण्याचे पहिले शब्द असल्याने कोणता क्रमांक कोणाचा हे ऐकून जुळवता आले. जे दुसऱ्याशी बांधलेले होते ते वाचले. सुटे होते ते गेले.

यात फार वेगळे असे काही नाही, हे मला नंतर जाणवले. महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्यांचा जो सर्वांत मोठा संग्रह आहे, हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून आपल्या सहकाऱ्यांसह उभा केलेला, त्याचा प्रवास पाहा. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या, सुमारे 120 तासांचे ध्वनिमुद्रण. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्याची संगणकीय रचना केली. पुढे तो संग्रह पुण्याहून फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या अभिलेखागारात गेला, आणि 2017पासून ‘परी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने वाचकांपुढे आला. दोन्ही मूळ संपादक आता हयात नाहीत. या काळात संगणकांच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या! तरी आज एखादी ओवी उघडली की ती कोणी म्हटली, कोणत्या गावी म्हटली, कोणत्या विषयाखाली येते, हे तिच्याबरोबर येते. याचे कारण यंत्र चांगले होते हे नाही. ओवी आणि गाणारी यांची गाठ संपादकांनी पहिल्याच दिवशी अशी मारली होती की ती सोडून ओवी एकटी हलूच शकत नाही. मोठ्या संस्थेला जे जमले ते खेड्यातल्या वाचनालयाला का जमू नये? आमच्या ग्रंथपालांनी तीच गाठ मारली होती. फक्त ती अशा जागी मारली होती की तिची लांबी कोणी दुसऱ्याने ठरवलेली होती.

यावर काही मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर टाकून द्या, जगभर ऐकतील. माझा आक्षेप दोन प्रकारचा आहे. या बायांनी गाणी माझ्या विद्यार्थ्याला, म्हणजे शेजारच्या घरातल्या पोराला, म्हणून दाखवली, जगाला नव्हे. काहींच्या ओव्यांत सासरच्या माणसांची नावे आहेत आणि ती माणसे अजून गावात राहतात. हा झाला एक. दुसरा असा की, तिथेही नाव, क्रम आणि गाठ यांचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त आपल्या नजरेआड जातो. तिथल्या घराचा मालक आपण नसतो. पत्ता बदलला तर कोणी कळवायला येत नाही. एक प्रत तिथे ठेवायला हरकत नाही. तीच एकमेव प्रत असणे धोक्याचे.

मुक्त प्रणालीच्या कट्टर मित्रांचे म्हणणे याच्या उलट असते. त्यांच्या मते एकदा लिनक्सवर आलात की झाले. मी त्यांना ग्रंथपालांची ओळ दाखवतो. तरीही मला लिनक्सवर येणे योग्यच वाटते, आणि ते फुकट आहे म्हणून नाही. मर्यादा कुठे आहे आणि ती का आहे, हे तिथे मला शोधता आले, वाचता आले. किल्ली कोणा महंताजवळ नव्हती. एवढा फरक मला पुरेसा वाटतो, त्याहून मोठा दावा मी करणार नाही.

पण मराठीच्या विभागांविषयी मात्र मी मोठा दावा करतो. महाविद्यालयांच्या कपाटांत आणि प्राध्यापकांच्या घरी लोकगीतांच्या, मुलाखतींच्या, कविसंमेलनांच्या कॅसेटी, सीड्या आणि हार्डडिस्का पडून आहेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी सभा घेतल्या. मीही एका सभेत बोललो. आद्य गद्याच्या पुराव्याचा अभिमान बाळगणाऱ्या विभागाने आपल्याच वीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधाची फाईल उघडून पाहावी, आणि ती वाचता येते का ते सांगावे. पाठचिकित्सेच्या तासाला एकदा तरी पोथीऐवजी ती फाईल समोर ठेवावी. हे शिकवायला संगणकशास्त्राचा माणूस नको. जो ‘माह्या’ आणि ‘माझ्या’ यांतला फरक ऐकू शकतो, तोच हवा.

आम्ही आता काय करतो आहोत ते थोडक्यात सांगतो. फाईलींची नावे लहान ठेवली आहेत, नुसता क्रमांक. नोंद वेगळ्या तक्त्यात आहे, साध्या युनिकोड मजकुरात, कोणत्याही प्रणालीवर उघडेल अशी. त्यात जुने नाव जसेच्या तसे एका रकान्यात, आपण केलेली दुरुस्ती दुसऱ्या रकान्यात, आणि दुरुस्ती कोणी केली ते तिसऱ्यात. ‘ऱ्य’ सर्वत्र एकाच पद्धतीने लिहिला आहे आणि तसे वर नमूद केले आहे. कृतिदेवातल्या मूळ फाईली आणि तो फॉन्टही काढून टाकलेला नाही. तक्त्याची एक प्रत दर कोजागिरीला कागदावर छापून शिवली जाईल. वाचनालयाच्या कपाटात ती ‘आवक-जावक’ रजिस्टरशेजारी ठेवायची असे ठरले आहे. तिला वाळवी लागू शकते, पण तिचा आधार कोणत्याही तारखेला संपत नाही.

प्लेलिस्टमध्ये नसलेल्या 23 फाईली उरल्या होत्या. त्यांच्यासाठी आम्ही वाचनालयात गावातल्या म्हाताऱ्या बायांना बोलावले. दोन दुपारी ऐकण्यात गेल्या. सुरुवातीला त्या संकोचून भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिसऱ्या ओवीला एकीने पदर सावरत म्हटले, “हा तं माह्या जाऊबाईचा आवाज व्हय.” मग प्रत्येकीला कोणी ना कोणी ओळखू येऊ लागले. दोघींचे एका आवाजावरून भांडणही झाले. आम्ही दोन्ही नावे लिहिली, कोणी कोणते सांगितले त्यासह. चौदा आवाज ओळखले गेले.

नऊ राहिले आहेत. त्यांतले सहा पुराच्या आठवणींचे आहेत, बहुधा मोवाडकडचे. ती माणसे नंतर कुठे कुठे राहायला गेली, आणि आमच्या गावच्या बायांना त्यांचा आवाज ठाऊक नाही. त्यांतल्या एका फाईलीत एक बाई, कसलाही हुंदका न देता, आपल्या घरातल्या वाहून गेलेल्यांची नावे एकामागून एक घेते. नणंदेचे, तिच्या दोन मुलांचे, सासऱ्यांचे. ध्वनिमुद्रण करणारा विद्यार्थी मध्ये काही विचारत नाही. शेवटी ती थांबते, आणि बटण बंद झाल्याचा आवाज येतो. तिचे स्वतःचे नाव टेपवर कुठेच नाही, कारण ते विचारून वेगळे लिहून घेतलेले होते, आणि ग्रंथपालांनी ते फाईलच्या नावात जपून ठेवलेले होते. तक्त्यात तिच्या पुढचा रकाना मी कोरा ठेवला आहे. येत्या उन्हाळ्यात ती फाईल एका लहान यंत्रावर घेऊन मी मोवाडला जाणार आहे.